मे महिन्यात पाहू

आमच्या साहेबांकडे कर्ज मागा, सुट्टी मागा, नाहीतर भाचीला एखादं स्थळ सुचवा म्हणा, उत्तर ठरलेलं असायचं: "मे महिन्यात पाहू."

थट्टा नाही करत. विहीर खोदायची आहे? मे महिन्यात येतो जागा पाहाले. म्हशी घ्यायच्या आहेत? घे ना बापा, पण मे महिन्यात त्यांना पाणी कुठी पाजशीन ते आधी दाखव. एकाला बस स्टॉपजवळ चहाचं हॉटेल टाकायचं होतं, त्यालाही मेपर्यंत थांबवलं. का, तर दुपारच्या गिऱ्हाइकाला बसायला सावली कुठून येते ते पाहायचं होतं. आणि हे सगळं सावली नावाच्या तालुक्यात, जिथे मे महिन्यातल्या दुपारी कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून झाडात बसून राहतात आणि डोकं ठिकाणावर असलेला माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. साहेब बरोबर त्याच वेळेला डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून, आपल्या खटारा एम-एटीवर निघायचे. मागे माझी लूना. आणि लूनावर, शिव्या तोंडातल्या तोंडात ठेवून, मी.

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला आश्चर्य वाटायला नको. चंद्रपुरात अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आमच्या अख्ख्या खानदानात बँकेत ऑफिसर लागलेली मी पहिली. माझा नकाशा तयार होता: दोन वर्षं खेड्यात काढायची, परीक्षा द्यायच्या, नागपूर गाठायचं, मग मुंबई. रुजू व्हायला आले तेव्हा रोवणीचे दिवस होते. बांध्यांमधून बाया ओळीनं वाकून धान लावत होत्या, गाणी म्हणत होत्या, जिकडे पाहावं तिकडे हिरवं. मी म्हटलं, वा, काय गाव आहे. ब्रँचमध्ये शिरले तर टेबलामागे एक उंच, वाळका, मोठ्या कानांचा माणूस. त्यांनी विचारलं, "कुठची वं तू?"

"चंद्रपूरची, साहेब."

"मंग ठीक आहे. उन्हाळा मालूम आहे तुले." झाली मुलाखत. मग म्हणाले, "पानी पी," आणि स्वतः उठून माठावरचं झाकण उचललं. झाकण कसलं, ती चक्क शिल्ड होती. लाकडी पाट, त्याच्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर कोरलेलं 'उत्कृष्ट वसुली' आणि खाली साहेबांचं नाव. बँकेनं दिलेला मान या माणसानं माठावर पालथा घातला होता. मी पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, आपली गाडी कुठल्या स्टेशनात येऊन थांबली बाई ही.

त्यांची दुसरी तऱ्हा एलटीसीची. बँकवाल्यांना दर काही वर्षांनी प्रवासाचा खर्च मिळतो. लोक काश्मीरला जातात, कन्याकुमारीला जातात, न जाता जाऊन आल्यासारखंही करतात. आमचे साहेब बायकोला घेऊन आपल्या जुन्या ब्रँचच्या गावांना जायचे. क्लार्क मुद्दाम विचारायचा, "यंदा कुठी साहेब? शिमला?" साहेब गंभीरपणे सांगायचे, "माजरी." आणि परत आले की आम्हाला पेढे देऊन अहवाल: अमक्याचं शेळ्यांचं शेड अजून उभं आहे, तमक्यानं सायकलचं दुकान वाढवलं, एकीची शिलाई मशीन तिची सून चालवते. पेढा खाता खाता आमचा शिपाई म्हणायचा, साहेब म्हणजे उजवलेल्या पोरींच्या घरी चक्कर मारून येणारा बाप आहे. साहेबांना ते फार आवडायचं.

एकदा मी चिडून विचारलंच. माझं परीक्षेचं पुस्तक टेबलावर होतं, आणि ते त्या पुस्तकाकडे असे पाहत होते जसं कोणी दुसऱ्याच्या डब्यातली भाजी पाहतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला करिअर नव्हतं का करायचं?"

"करूनच त राह्यलो," ते म्हणाले. "तू काय समजते करिअर म्हणजे?"

मी आपलं सांगितलं. स्केल दोन, स्केल तीन, मोठं ऑफिस, वगैरे.

"ते बी कर. तू करशीन, हुशार आहे तू. पन एक ध्यानात ठेव बेटा. कर्ज देते वेळी सारेच चहा पाजतात. वीस वर्षांनी त्या गावात गेलो अन् त्याच मानसानं बोलावून चहा पाजला, त समजाचं का आपलं करिअर झालं. नाईतर नुसत्या बदल्या झाल्या."

मग उठून त्यांनी माठावरची शिल्ड उचलली, तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि तिची गोष्ट सांगितली. तरुणपणी ते माजरीकडे होते. विहिरींचं टार्गेट होतं. पावसाळा संपता संपता फिरले, जिकडे खोदाल तिकडे हाताला पाणी लागत होतं, धडाधड मंजुऱ्या दिल्या. एका विहिरीच्या बाजूला दुसरी, दुसरीच्या बाजूला तिसरी. उन्हाळ्यात त्या विहिरींनी एकमेकींचं पाणी ओढून घेतलं आणि सगळ्याच कोरड्या पडल्या. लोक मात्र इमानदार. कोळशाच्या खाणीवर मजुरीला गेले आणि हप्ते भरले.

"हप्ते आले. पानी नाई आलं," साहेब म्हणाले. "मले ही भेटली. फोटो बी काढला माया." आणि शिल्ड परत माठावर ठेवली. मी त्या दिवशी पुस्तक नाही उघडलं.

आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली होती, पण तिचा अर्थ मला पुष्कळ दिवस लागला नाही. कोणाच्याही घरी गेले की साहेब आधी पाणी मागायचे. एक पेला प्यायचे. मग एकदम गप्प. कागद नाही, प्रश्न नाही, नुसते बसून राहायचे. घरातलं कोणी "आनखी पानी देऊ का साहेब?" म्हटलं की यांचा चेहरा उजळायचा आणि मग बोलणं सुरू. कोणी नाही विचारलं तरी काम थांबायचं नाही, पण मग दहा गोष्टी खोदून खोदून विचारायचे. मला वाटायचं, या माणसाला तहानच जास्त लागते.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाईच म्हणायचो. ठेंगणी, गोरी, बोलायला मोकळी. बँकेच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि जिथे जातील तिथे अंगणात झाड लावायच्या. लावायच्या, वाढवायच्या, आणि फळ धरायच्या आधी बदली. इथे त्यांनी आंबा लावला होता. मला म्हणायच्या, "पोरी, माया हातच्या झाडांचे आंबे, पेरू, सीताफळं सारा जिल्हा खाऊन राह्यला. मी सोडून." एलटीसीत जुन्या गावी जायच्या तेव्हा नेमका फळांचा हंगाम नसायचा, किंवा झाडाखाली नवा मॅनेजर मोटारसायकल लावून बसलेला असायचा आणि मागायची लाज वाटायची. एक मात्र होतं. नागपूरला त्यांनी प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या आणि अंगणात एक कलमी आंबा लावला होता. तो कोणाच्या बदलीनं जाणार नव्हता. नागपूरची ऑर्डर आली की ते घर उघडायचं, याच्यावर बाईंचा अख्खा संसार थांबलेला होता. डब्यांवर त्यांनी नावंसुद्धा घातली नव्हती. म्हणायच्या, नागपूरले घालीन.

आणि ती ऑर्डर यायची वेळ आली.

गावाचा एक मोठा तलाव होता. मालगुजारांच्या काळातला, आमच्याकडे अशा माजी मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात. पावसाळ्यातल्या धानाला शेवटचं पाणी त्याचं, गुरांना त्याचं, ढिवरांच्या मासोळ्या त्यात, आणि गावातल्या विहिरींचे झरे त्याच्यावर. त्या वर्षी पंपांचा एक डीलर गावात फिरला. तलावाच्या काठानं मोटारपंप बसवा, उन्हाळी धान घ्या, वर्षाला दोन पिकं, वरून सरकारी सूट. गाव पेटलंच एकदम. ज्याची बांधी तलावाला लागून त्याचा अर्ज, ज्याची नाही त्याचाही अर्ज. सगळ्यांत पुढे कवडूभाऊ. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि आवाजही तसाच होता.

साहेब म्हणाले, "मे महिन्यात पाहू."

"मे महिन्यात काय पाहाता साहेब?" कवडूभाऊ उसळले. "तवापर्यंत उन्हाळी धान कापाले येईन! तुमाले द्याचं नसन त तसं सांगा ना."

"नाई कुठी म्हणून राह्यलो गा? मे महिन्यात पाहू म्हणलं."

फेब्रुवारीत रिजनल ऑफिसचे साहेब स्वतः जीप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, टार्गेटनं गांजलेला होता. चहा पिता पिता अगदी गोडीनं म्हणाले, "ही एक स्कीम मार्चअखेर करून द्या. तुमच्या नागपूरचं मी पाहतो. नाही झाली तर मग माझ्याही हातात काही राहत नाही. भामरागडला माणूस हवाच आहे."

भामरागड म्हणजे तीन नद्यांच्या संगमावरचं पार जंगलातलं गाव. पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद, आणि रस्ता बंद म्हणजे सगळंच बंद.

साहेब शांतपणे म्हणाले, "मे महिन्यात पाहतो ना साहेब."

"अहो, मे महिन्यात बँकेचं वर्ष कधीच संपलेलं असतं!"

"बँकेचं संपते साहेब. तलावाचं मे महिन्यातच संपते."

जीप धूळ उडवत गेली. माझं डोकं फिरलं. रिटायर व्हायला थोडी वर्षं उरलेली, बायको एका घरासाठी डोळे लावून बसलेली, अख्खं गाव कर्ज घ्यायला तयार, वरचे द्यायला तयार, आणि हा माणूस कॅलेंडर दाखवतो! एका सहीचं काम. मी तशीच उठले आणि क्वार्टरवर गेले. म्हटलं, बाईच याला वठणीवर आणतील.

बाई भांडी घासलेलं पाणी आंब्याच्या रोपाला घालत होत्या. मी सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढला. "बाई, तुम्ही तरी बोला ना त्यांना. तुमचं नागपूर जाऊन राह्यलं हातातून."

त्यांनी पाणी संपवलं, बादली पालथी घातली आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मले पाहाले बी हे मे महिन्यातच आले होते. मालूम आहे?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

"आमच्या गावची एकच विहीर जित्ती होती तवा. अर्धा कोस जाऊन पानी आना लागे. बाबानं बजावलं होतं, पावण्याइले एक-एक पेला देजो, जास्त नाई. मी दिला. हे प्याले. मंग मले राहावलं नाई, उन्हातून आले होते ना बिचारे. मी म्हणलं, आनखी देऊ का? बाबानं असे डोळे वटारले मायाकडे! हे काई बोल्ले नाई. बाहेर जाऊन आपल्या मामाले म्हणाले, हेच घर."

  त्या पेल्याचा अर्थ मला त्या पायरीवर लागला.

"पावसाळ्यात सारीच घरं पानी विचारतात, असं म्हणतात हे. मे महिन्यात जे विचारते ते घर." मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मले नागपूर नाई पायजे, असं नाई वं पोरी. पायजेच आहे. लय पायजे आहे. अन् मी आज म्हणलं ना, का करून टाका सही, त ते करतील बी. मायासाठी करतील." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "म्हणूनच मी म्हणून नाई राह्यली."

मी माणसं मोठी झालेली पाहिली आहेत, खुर्च्यांवर बसलेली पाहिली आहेत. त्या संध्याकाळी त्या पायरीवर जे पाहिलं ते मला पुन्हा कुठे दिसलं नाही. मी काय वठणीवर आणायला गेले होते आणि कोणाला! लूना ढकलतच घरी आले, चालू करायचं सुचलं नाही.

मार्च संपला. स्कीम झाली नाही. ऑर्डर आली, भामरागडचीच. रिलीव्ह व्हायला मेअखेरपर्यंत मुदत होती.

आता खरं म्हणजे त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. पण मे म्हटलं होतं, तर मे. एक दिवस सकाळीच त्यांनी गावात निरोप धाडला, कवडूभाऊंना आणि सगळ्या अर्जवाल्यांना तलावाच्या पाळीवर बोलावलं. मोहाच्या झाडाखाली बसले. लोक रागातच आले. आता कशाला बोलावलं, उन्हाळी धान तर गेलं, असं कुरकुरत बसले. साहेब नुसते तलावाकडे पाहत राहिले, म्हणून मग बाकीचेही पाहायला लागले.

तलावात पाणी म्हणजे मधोमध एक तुकडा, भोवती भेगाळलेला चिखल. आधी बाया आल्या, काठाजवळच्या झिऱ्यातून वाटीवाटीनं गुंड-हंडे भरून घेऊन गेल्या. मग ढिवर जाळी घेऊन आले. मग शेळ्या आल्या, गाई आल्या, पलीकडच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीवरचे, बैल आले. दुपार तापली तशा म्हशी येऊन पाण्यात बसल्या. नुसती डोकी वर. ज्याची म्हैस त्याला ओळखू येत होती, त्यामुळे पाळीवर हळूहळू आवाज बंद झाला.

मग साहेब म्हणाले, "कवडूभाऊ, पंप कुठी लावतो, दाखव."

कवडूभाऊ तिरीमिरीत उठले, धोतर खोचलं आणि तरातरा खाली उतरले. भेगांमधून पाय ठेवत पाण्याच्या कडेला गेले. जिथे पंपाचा पाइप सोडावा लागला असता, तिथे त्यांचीच म्हैस बसलेली होती. ते तिच्याकडे पाहत उभे राहिले. बराच वेळ. उन्हात. वरून कोणी हाक मारली नाही. परत आले तेव्हा आवाजातला जोर गेला होता.

"इथी नाई लावता येत साहेब."

 कवडूभाऊ खाली बसले आणि मातीत बोट फिरवत म्हणाले, "आमाले मालूम नोहतं असं नाई. पन शेजारी घेऊन राह्यला त मी काऊन नाई घेऊ, असं झालं. साऱ्याइचंच तसं झालं."

"मायं बी तसंच झालं होतं," साहेब म्हणाले. "माजरीले." आणि मग माझ्याकडे वळून, "यांच्या शेतातल्या बोड्या खोल करून द्याचं आता तू पाहा. हे काम तुयं." बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. ज्याची त्याची बोडी भरली तर तलावावर कोणी तुटून पडणार नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ते दोघं गेले. सामान काय, एक ट्रंक, बिछाना आणि नावं न घातलेले डबे. शिल्ड माठावरच ठेवून गेले. मी आठवण केली तर म्हणाले, "राहू दे. माठाले झाकण लागते."

त्या वर्षी मृगाचा पाऊस आला, तलावात थोडं पाणी चढलं, धानाच्या रोपांचे पऱ्हे उगवले, आणि ढग जे गेले ते गेलेच. रोवणीचे दिवस उलटत चालले आणि पऱ्हे पिवळे पडायला लागले. गावानं बैठक घेतली आणि तलावाचं गेट उघडलं. पंपांनी उन्हाळ्यात तळ कोरडा पाडला असता तर मृगाचं पाणी तळानंच पिऊन टाकलं असतं, हे मला कोणी सांगितलं? कवडूभाऊंनी. अगदी अधिकारानं, जणू बँकेला हे पहिल्यापासून तेच समजावत होते! बायांनी रोवणी केली, गाणी म्हटली. माझ्या मनात एकच, हे साहेबांना सांगावं. पण भामरागडचा रस्ता बंद, फोन मुका. नवीन मॅनेजर अजून यायचे होते, ब्रँचमध्ये ऑफिसर मी एकटीच. माठातलं पाणी प्यायले, शिल्ड परत ठेवली आणि माठाला सांगितलं.

साहेबांना ते पुढच्या मे महिन्यातच कळलं. आले होते ना, एलटीसी घेऊन! भामरागडहून सावली. कवडूभाऊंनी ओढून घरी नेलं, चहा पाजला. साहेब चहा प्यायले आणि वर म्हणतात, "एका वर्षाचा चहा मी मोजत नाई गा."

माझं सांगायचं तर मी परीक्षा दिल्या, नागपूर पाहिलं, मोठं ऑफिस पाहिलं. लग्न केलं. मुलाला घरी बोलवा म्हणून घरच्यांना मी मे महिन्याचीच तारीख दिली होती, आणि अम्मीनं कपाळावर हात मारला होता. भर उन्हात बिचारा आला, लाइट गेलेली, आणि तो आपल्या हातातल्या पंख्यानं माझ्या आजीला वारा घालत बसला. संसार बरा चाललाय. पुढे मोठ्या ऑफिसात अशा स्कीमा टेबलावर यायच्या की ज्यांना मे महिना नव्हताच, नुसता मार्च होता. दोन-चार ठिकाणी मी "मे महिन्यात पाहू" म्हटलं. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मग मीच बदली मागून घेतली आणि बारा-तेरा वर्षांनी मॅनेजर म्हणून त्याच ब्रँचला परत आले. त्याच क्वार्टरमध्ये. अब्बा नव्हते, अम्मी माझ्याजवळ राहायला आली.

साहेब तोवर रिटायर होऊन नागपूरच्या घरी गेलेले. पहिल्या मे महिन्यातच दोघं माझ्या दारात उभे. साहेब आणखी वाळलेले, कान आणखी मोठे. मी म्हटलं, "बाई, आता तरी तुमचा आंबा खाल्ला की नाही?"

दोघं एकमेकांकडे पाहून हसायलाच लागले. साहेबांना तर ठसका लागला. मग बाईंनीच सांगितलं. भामरागडहून येऊन घर उघडलं तर आजूबाजूला सगळी घरं झालेली, घरागणिक बोअर. अंगणातली विहीर कोरडी, टँकरचं पाणी, आणि आंबा वाळून खराटा.

"अख्ख्या जिंदगीत," साहेब डोळे पुसत म्हणाले, "एकच वस्तू म्या मे महिन्यात न पाहता घेतली. तो प्लॉट! ऑगस्टात घेतला. काय हिरवंगार होतं वं बेटा, काय सांगू!"

मला हसावं की रडावं कळेना. या बाईनं ज्याच्यासाठी डब्यांवर नावं घातली नाहीत ते घर असं निघालं, आणि ही हसते आहे! मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. भांड्यांच्या पाण्यावर वाढलेला त्यांचा आंबा कौलांच्या वर गेला होता आणि पाडाला आलेला होता. मी एक उतरवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धुतला नाही, चिरला नाही, तिथेच उभ्यानं चोखून खाल्ला, कोपरापर्यंत रस ओघळला. कोय हातात धरून म्हणाल्या, "जरासा आंबट आहे." आणि दुसरा मागितला.

तेवढ्यात कवडूभाऊंचा नातू निरोप घेऊन आला, आजोबांनी चहाला बोलावलंय म्हणून. साहेबांनी मान हलवली. "हा मोजता येईन," म्हणाले.

आम्ही आत येऊन बसलो. त्या महिन्यात पाण्याची ओढ होतीच, हँडपंप दिवसातून थोडा वेळ चालायचा, आणि अम्मी पाण्याच्या बाबतीत घरादारावर करडी नजर ठेवून होती. माझ्या नवऱ्याला तोंड धुवायला तांब्यावर तांब्या घेऊ द्यायची नाही. ती आतून पाण्याचे दोन पेले घेऊन आली. ब्रँचमधून आणून मी घरच्या माठावर ठेवलेली शिल्ड साहेबांना दारातून दिसत होती. पेला रिकामा केला, खाली ठेवला, आणि त्यांच्या जुन्या सवयीनं गप्प बसले. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. अम्मीला त्या पेल्याची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

अम्मीनं त्यांच्या उन्हानं रापलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेला उचलला. "धूप में से आए भाईसाब. और पानी लाऊँ क्या?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे कधीच वाहायला लागले होते.

"हेच घर," साहेब म्हणाले.

अम्मीला काही कळलं नाही. ती पाणी आणायला आत गेली.